बोटभर बाजूला

वाघोलीच्या बाँडेड गोदामात मी स्टिकर लावते.
एका बाटलीला बारा सेकंद.
मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे,
खाली आयातदाराचा पत्ता,
त्याखाली किंमत, जी मी मोठ्याने वाचत नाही.

मंगळवारी न्हावा-शेव्याहून कंटेनर येतो
आणि इटली आमच्याकडे उतरते.
भिंतीवरच्या नकाशातली, बुटाच्या आकाराची नव्हे,
सहासहाच्या खोक्यांत, भुश्श्याच्या वासाची.

शाळेत भूगोलात मला पस्तीस मिळाले, तेही बाईंनी दिले म्हणून.
आता खोक्यावरचा शिक्का बघून सांगते.
पिएमाँते असेल तर जपून, जड बाटल्या.
तिथल्या द्राक्षाचं नाव म्हणे धुक्यावरून पडलं,
तोडणीच्या दिवसांत टेकड्या दिसेनाशा होतात.
असं लेलेसाहेब सांगतात.
(लेलेसाहेब गेलेत तळेगावपर्यंत. त्यांच्याकडे कॅटलॉग आहे.)

गळ्यावर काळा कोंबडा असला की कियांती.
रुबीना ओरडते, "आला गं तुझा कोंबडा!"
आणि डबा उघडेपर्यंत आम्ही हसतो.
एमिलियाची लाल असते आणि वर फेसाळते,
चरबट जेवणावर घेतात,
आपण मटणानंतर सोलकढी घेतो तशी.
आणि एक बेट आहे, पांतेलेरिया,
वारा इतका की वेल उभी राहत नाही,
जमिनीत खळगा करून तिला आत बसवतात, गुडघ्याइतकी.
हे मात्र कॅटलॉगने सांगायची गरज नव्हती.
पालात वाढलेल्या माणसाला
वाऱ्यापुढे किती वाकायचं ते ठाऊक असतं.

मार्चात माझ्या हातून एक फुटली.
रजिस्टरात नोंद: फुटलेली, एक. एटना, सिसिली.
एक्साइजचे साहेब बघून जाईपर्यंत
काचा हलवायच्या नाहीत, असा नियम.
साहेब आले शुक्रवारी.
तीन दिवस त्या घमेल्याखालून वास येत राहिला.

चेरी, म्हणाले लेलेसाहेब. थोडा मसाला.
मी काही बोलले नाही.
तो घणाचा वास होता.
काळ्या फत्तरावर पहिला घाव बसतो,
ठिणगी उडते, आणि उडाल्यावर मागे जे राहतं, ते.
बा खाणीतून यायचा तेव्हा त्याच्या बंडीला तो असायचा,
आई दोनदा धुवायची तरी.

लेलेसाहेबांना विचारलं, हा एटना म्हणजे काय?
ज्वालामुखी, म्हणाले. अजून धुमसतो.
लाव्हा थंड झाला की शेतकरी त्याचेच बांध रचतात आणि वेली लावतात.
मग खिडकीबाहेर बोट केलं, खाणीच्या कापलेल्या डोंगराकडे:
हाही तोच, धोत्रेबाई. फक्त आपला कधीच विझला.

कधीच विझला.
त्या विझलेल्यातून बाने
अर्ध्या पुण्याचे पाये काढले,
आणि त्याच्या नावाची चिठ्ठी
कुठल्याच भिंतीला कुणी लावली नाही.

नियम असा, की स्टिकर मागे, मधोमध.
मधोमध नेमकं गावाचं नाव असतं,
बारीक अक्षरात, कधी त्याखाली माणसाचं,
ज्याने ती वेल छाटली, किंवा त्याच्या आजाने.
मला ते वाचता येत नाही नीट.
अक्षरं जुळवते, रुबीना दुरुस्त करते,
दोघींचंही चुकत असेल.

मार्चानंतर मी स्टिकर बोटभर बाजूला लावते.
इशारा दिसतो, किंमत दिसते,
आणि गावही दिसतं.

"वाकडं लागतंय, धोत्रेबाई," लेलेसाहेब म्हणतात.
मी म्हणते, हो साहेब, डोळे तपासायला हवेत.
पुढची बाटली घेते. बारा सेकंद.
यातले दोन माझे.